आणखी घोटभर चहा

अर्धांगवायूच्या रुग्णांचं जगणं दोनपैकी कोणत्या प्रश्नावलीत खरं उतरतं, हे तपासायला वृषाली अवसरीत आली होती. वाचा गेलेल्या म्हाताऱ्यानं खाटेवरून पहिल्या कागदावरच्या प्रश्नांना मानेनंच उत्तरं दिली. “जगणं नकोसं वाटतं, बाबा?” उशाशी बसलेल्या बायकोकडे बघत त्यानं ठाम नकार दिला. दुसऱ्या कागदावर नुसते चेहरे होते, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. तेवढ्यात म्हातारी उठली. “च्या टाकते, ताई.” “आत्ताच तर झाला, आजी!” “आनखी घोटभर.” ती आत गेली. वृषालीनं तोच प्रश्न विचारला. म्हाताऱ्याचं डावं बोट सरपटत रडक्या चेहऱ्यावर गेलं आणि कागद चुरगळला तरी हलेना. निघताना वृषाली स्वयंपाकघरात डोकावली. “काय दावलं ह्यांनी?” म्हातारीनं विचारलं. “हसरा,” वृषाली खोटं बोलली. “बरं झालं.” म्हातारी उभी होती तिथून खाट सरळ दिसत होती. गॅसवर भांडंसुद्धा नव्हतं.