घटपर्णीतला भात

बोर्निओच्या डोंगरातलं ते गाव धरणासाठी उठलं, तेव्हा म्हाताऱ्या सिनोटने टेकडीवरची घटपर्णीची वेल मुळं न दुखवता खणून आणली. लेकीने ती नव्या घराच्या ओट्यावर, कुंडीत काळी माती भरून लावली. थोड्याच दिवसांत पानांच्या टोकांचे पेले वाळून गळाले.

"खत घालू का, आई?"

"अगं, खताने मरेल ती. हिला निकस मातीच मानवते."

सिनोटने मुळं हलक्या हाताने धुतली, कुंडीत शेवाळ आणि नारळाचा काथ्या भरून रोप पुन्हा लावलं आणि पावसाचं साठवलेलं पाणी घालत राहिली. बरेच महिने नुसती पानंच आली. सुगीच्या सुमारास मात्र पेले लोंबू लागले.

तिने ते खुडले, स्वच्छ धुतले आणि आत चिकट तांदूळ, नारळाचं दूध भरून वाफवले. घरभर जुन्या गावातल्या सणाचा वास सुटला. लेकीने हात पुढे केला, तोवर सिनोट ताट घेऊन मागच्या रांगेतल्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या राकूच्या दारात पोचली होती.

घटपर्णी जिथे वाढायची तो टेकडीचा उतार कुणाचा, यावरून सिनोट आणि राकूचं तरुणपणापासून वैर होतं. आता तिथे धरणाचं पाणी होतं.

राकूने पेला सोलून घास घेतला आणि बराच वेळ तोंडात धरला.

"कुठली गं ही घटपर्णी?"

"तुझ्या उतारावरची."

"माझा कसला? तुझाच तो," राकू सरकून जागा करत म्हणाला. "बस आता. मला एकट्याला खाववत नाही."