निवडलेल्यांची खूण

“मग एवढं राबायचे कशाला?” राजनने विचारलं.

सृष्टी काळ्या कागदाच्या टोप्या चार्टवर चिकटवत होती. शाळेत प्युरिटन लोकांवर प्रोजेक्ट होता. पावणेचारशे वर्षांपूर्वी इंग्लंड सोडून अमेरिकेत गेलेली, कडक धर्माची माणसं. पहिल्या हिवाळ्यात भुकेने, तापाने कितीतरी मेली. बायको साधना गेल्यापासून मुलीचे प्रोजेक्ट राजनकडे आले होते.

“पप्पा, लिसन ना. देवाची लिस्ट आधीच रेडी. कोण सेव्ह होणार, कोण नाही. कितीही काम करा, चेंज नाही. बट लिस्ट कुणाला दिसत नाही. म्हणून ते साइन शोधायचे. पीक चांगलं आलं, बाळ जगलं, की म्हणायचे, आपलं नाव आहे.”

शारजाजवळच्या हमरियातल्या एका वर्कशॉपमध्ये राजन सुपरवायझर होता. बुधवारपर्यंत चार टाक्या बोटीवर चढायच्या होत्या. त्यानंतर अकरा माणसं गावी परत जाणार होती. कोण ते अजून ठरायचंय, जो नीट काम करील तो राहील, असं त्यानेच सगळ्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून माणसं उभ्यानेच जेवत होती.

बेल वाजली. दारात गणू वेल्डर होता. डोळे सुजून लाल झाले होते.

“साहेब, अजमानला एक जागा आहे. आज हो म्हण, नाहीतर खलास, म्हणतो तिथला मालक. इथं माझं नाव राहणार असेल तर मला कुठं जायचं नाही. सात वर्षं काढली. तुम्ही सांगाल तसं.”

“यादी माझ्या हातात नसते, गणू.”

राजनने खाली पाहिलं. गणूच्या बुटाचा तळ तारेने बांधलेला होता. दाराशी एक खोका पडला होता. त्यात नवे सेफ्टी बूट होते. कंपनी ते व्हिसा रिन्यू झालेल्यालाच द्यायची. राजनला कालच मिळाले होते. त्याने खोका उचलून गणूच्या हातात ठेवला.

“नऊ नंबर. होतील?”

गणू खोक्याकडे बघत राहिला. मग एकदम हसला.

“समजलो, साहेब. पाय परमनंट झाले, आता वरचा माणूस जातो कुठं? खालच्या फोन बूथवरूनच अजमानवाल्याला नाही सांगून टाकतो.”

तो जिना धावत उतरला.

“पप्पा, ग्लू संपला.”

राजनने ऑफिसची बॅग उघडली. गोंदाच्या कांडीखाली परत जाणाऱ्या अकरा जणांची यादी होती. शनिवारी त्यानेच टाइप केलेली. पहिलं नाव गणूचं होतं. टाक्यांचे शेवटचे सांधे मात्र गणूशिवाय कुणाला जमणार नव्हते.

“यू नो, त्यांना सगळ्यात जास्त भीती कशाची वाटायची?” सृष्टी म्हणाली. “साइन खोटं निघेल याची. पण देव कशाला खोटं साइन देईल?”

राजनने कांडीचं टोपण काढून ती तिच्या हातात दिली.

“त्याचं काम बाकी असेल,” तो म्हणाला.