येते

टेबलावरचं डबीएवढं यंत्र मुली शाळेत असतानाच त्यांचे कॉलेजचे तास घ्यायचं. ते बाईच्या आवाजात म्हणालं, “उद्या तासाला कुणीच येणार नसेल, तर सरकारी निधी आजच बंद होईल.”

वसतिगृहाच्या अधीक्षिका शकुंतलाबाईंनी डोक्याला हात लावला. उरलेली एकटी अकरावीतली जमना आईबरोबर वीटभट्टीवर निघाली होती. कॉलेजचे अर्धे श्रेयांक तिनं शाळेतच मिळवले होते. तेही आता बुडणार.

जमना पिशवी घेऊन यंत्रापाशी वाकली. “येते, मॅडम.”

“येतेस? नोंद केली. निधी चालू.”

“अहो, ती निघालीय! जाताना ‘येते’च म्हणतात आपल्यात,” शकुंतलाबाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

“ठाऊक आहे. मला तिच्या पिशवीत टाका. तास भट्टीवर घेईन.”

शकुंतलाबाईंचा जीव भांड्यात पडला. पिशवीतून आवाज आला, “येते हं, बाई.”