अस्सल लाटणं

"ॲक्शन!" दिग्दर्शक ओरडला आणि माझी भूमिका करणारी नटी माझ्याच लाटण्यानं पोळी लाटत रडू लागली. पोलीस तिच्या नवऱ्याला धरून नेत होते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठले, सरळ दिव्यांच्या उजेडात गेले आणि तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

"कट! आजी, काय करताय?" दिग्दर्शक धावत आला. महिन्यापूर्वी हाच माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाला होता, आणीबाणीवर सिनेमा काढतोय, तुमची गोष्ट सांगा, लाटणंही द्या, वस्तू अस्सल हवी.

"अरे, धरून मला नेलं होतं! ह्याच लाटण्यानं थाळी बडवत मोर्चात घोषणा देत होते म्हणून. दीड वर्ष तुरुंगात मी होते. घरी पोळ्या हे लाटत होते, आणि रडतही हेच होते."

खुर्चीत बसलेल्या आमच्या ह्यांनी मान डोलावली. "करपवतही होतो," ते म्हणाले.

सगळे हसले. मला हसू आलं नाही.

"माहितेय, आजी," दिग्दर्शक समजूत घालू लागला. "पण बाई तुरुंगात आणि हिरो गॅसपाशी, असा सिनेमा बघणार कोण? लोकांना बाई रडलेली आवडते."

मी लाटणं पिशवीत टाकलं आणि ह्यांना उठवलं.

"अहो, निदान लाटणं तरी ठेवा! त्याच्याशिवाय शॉट कसा घेऊ?"

"का? मला वगळून आणीबाणी दाखवतोयस ना? मग आता लाटणं वगळून पोळी लाटून दाखव."