चौथा चेहरा

"आई अभ्यासाला बसवते तेव्हा तुला कसं वाटतं?"

शुभदाने सहज विचारलं आणि चार चेहऱ्यांचा तक्ता लेकीपुढे सरकवला. तिने आखलेली मुलांच्या मनाची पाहणी उद्यापासून शाळांमध्ये सुरू व्हायची होती. प्रश्न लहानग्यांना कळतात का, हे आधी घरीच पाहावं म्हणून ती सात वर्षांच्या इराला घेऊन बसली होती.

इराचं बोट हसऱ्या चेहऱ्यावरून निघालं, रडक्यापाशी घुटमळलं आणि शेवटच्या, डोळे विस्फारलेल्या, भेदरलेल्या चेहऱ्यावर टेकलं.

हिला माझी भीती वाटते? माझी? शुभदाला लगेच विचारायचं होतं. पण शाळांमध्ये पाहणी करायला जाणाऱ्या मुलींना तिनेच दहादा बजावलं होतं की मूल काहीही सांगो, आपल्या चेहऱ्यावरची रेषही हलता कामा नये. ओठ घट्ट मिटून ती इराकडे नुसती पाहत राहिली.

इराने आईचा तो ताठर चेहरा पाहिला. तिची नजर हळूच टेबलावरच्या लाकडी फुटपट्टीकडे गेली आणि बोट झटकन हसऱ्या चेहऱ्यावर आलं.

"चुकलं माझं, आई," ती घाईघाईने म्हणाली, "हाच, हाच बरोबर आहे ना?"