रेडिओवरचा विलाप

सरकारी तंबू सांभाळणाऱ्या मूकाशने रेडिओची खुंटी पिळली तशी खोक्यातून शिट्टी आली, मग खरखर, मग पुन्हा शिट्टी.

"खोकला झालाय त्याला," शार्शेन म्हणाला. "मेंढीच्या शेपटीची चरबी पाजा थोडी."

सरकारी लाल तंबूत दाटीने बसलेली माणसं हसली. हसताना त्यांचं खाणं चालूच होतं. मेंढा ओसमोनने कापला होता. त्याची बायको जाऊन वर्ष भरलं होतं. वर्षभर बायकांनी तिच्या नावाने विलाप गायचा आणि मग कायमचा बंद करायचा, अशी रीत. आज तो शेवटचा व्हायचा होता, आणि तिची धाकटी बहीण उमसुनाय तो शहरात, रेडिओवर गाणार होती.

जाताना ती घोड्यावरून वाकून म्हणाली होती, "दाजी, आजवर माझा आवाज ओढ्यापलीकडे गेला नाही. आता ताईचं नाव सगळ्या डोंगरांत ऐकू जाईल."

ओसमोनला तेवढंच हवं होतं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ते नाव यायचं. सेयिलकान. ते एकदा सगळीकडे जावं, मग गप्प बसायला तो तयार होता.

खोक्यातला माणूस लोकरीबद्दल काहीतरी बोलला. मग थोडं थांबून उमसुनायचा आवाज आला.

ओसमोन उठला, काठी घेतली आणि बाहेर निघाला.

"अहो काका, बाहेर कुठे?" मूकाश म्हणाला. "यंत्र आत आहे."

ओसमोन पडदा सारून बाहेर पडला. विलाप चालू असताना बायका आत गातात आणि पुरुष तंबूबाहेर काठीवर वाकून रडतात. आवाज खोक्यातून येतो म्हणून यात काय बदलायचं होतं? शार्शेनला ते कळलं. त्याने हात बुटांना पुसले आणि तोही बाहेर आला. त्याच्यामागून आणखी दोन म्हातारे आले. चौघे तंबूकडे पाठ करून ओळीने उभे राहिले.

तंबूच्या लोकरी नमद्याच्या भिंतीतून आवाज स्पष्ट येत होता. दूध कधी उतू न देणारी माझी ताई. पाहुण्याच्या आधी दारात उभी असणारी माझी ताई. ओसमोन काठीवर वाकला आणि मोठ्याने रडू लागला. दोघा म्हाताऱ्यांनी त्याच्या रडण्यात आपला आवाज मिसळला.

कडव्याचा शेवट आला. तिथे नाव आलं नाही.

"चाबकाखाली वाकलेली," उमसुनाय गात होती, "नवऱ्याच्या बुटापाशी निजलेली."

ओसमोनने काठीवरून मान वर केली.

पुढची कडवी त्याने कधी ऐकली नव्हती. चाल तीच होती. श्वास जिथे घ्यायचा तिथेच ती श्वास घेत होती. आवाज कुठे कापला नाही, अडखळला नाही. नीट पाठ केलेलं होतं. रडायचं सोडून एक म्हातारा आकाशाकडे बघायला लागला. दुसरा खोकला, काठी उचलली आणि आत गेला.

गाणं संपलं. खोक्यातला माणूस बोलू लागला.

"जुन्या रूढींनी भरडलेल्या स्त्रीचा हा आक्रोश. नवऱ्याच्या छळाने वर्षापूर्वी मरण पावलेल्या सेयिलकानची बहीण आपल्यासाठी गात होती."

नाव आलं. सगळ्या डोंगरांत गेलं.

 आतून एका म्हातारीचा आवाज आला, "अगंबाई."

"शहरात असं जरा नीट करून घेतात," मूकाश घाईघाईने म्हणाला. "त्याचं काही नसतं. गाणं म्हणून ऐकायचं."

"विलापात कुणी खोटं गातं का रे?" म्हातारी म्हणाली. "तेही सख्खी बहीण?"

"आजी, तुम्ही खा बघू."

"खातेच आहे."

मूकाश दारातून डोकावला. "काका, आत या. मनावर घेऊ नका. तुमचं नाव त्यांनी कुठे घेतलंय?"

ओसमोनने त्याच्याकडे पाहिलं. मूकाश आत सरकला आणि पडदा खाली सोडला. आकाशाकडे बघणारा म्हाताराही पडद्याखालून वाकून त्याच्यामागे गेला. आत हाडं फोडल्याचा आवाज आला. कुणीतरी आणखी रस्सा मागितला. खोक्यातून आता तंतुवाद्य वाजत होतं, आणि कुणीतरी मांडीवर ताल धरला होता.

बाहेर शार्शेन तेवढा उरला. सेयिलकानला दम लागायला लागला तेव्हा ओसमोनने तिला पाठीवर घेऊन खिंड ओलांडली होती, कारण घोड्यावर तिला बसवत नव्हतं. तेव्हा दोन्ही घोडे धरून पुढे चालणारा हा शार्शेन. ती वर खिंडीत शुद्धीवर आली आणि म्हणाली, 'तुझ्या मानेला घामाचा वास येतोय', तेव्हा पुढे चालता चालता हसला होता तो हाच.

ओसमोन त्याच्याकडे वळला. काही बोलायची गरज नव्हती. शार्शेनने त्या खोक्याला एक शिवी दिली असती तरी पुरलं असतं.

शार्शेनने पडद्याकडे एकदा पाहिलं, जवळ आला आणि आवाज खाली आणला.

"मी कुणाला बोलणार नाही, लेका. आपल्यात राहील. मारायचास का तिला?"

वारा थंड सुटला होता. शार्शेनच्या मिशीवर मेंढ्याची चरबी गोठून पांढरी झाली होती, आणि उत्तराची वाट बघता बघता तो ती जिभेने चाटत होता.