मेलेला दगड

"हा मेलेला आहे," फरिदा म्हणाली आणि तो दगड तिनं बाजूला ठेवला.

अंगणात ओल्या गोणपाटावर ओढ्यातून आणलेले दगड पसरले होते. तिचे वडील फकरुद्दीन उकिडवे बसून बघत होते. मुरुम गावच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. कापडाची पारख त्यांना होती, दगडांची नव्हती. घरात मासे पाळायचे असं त्यांनी अचानक ठरवलं होतं आणि सोलापूरहून काचेची पेटी आणली होती.

"दगडात जिवंत आन् मेलेलं काय असतंय?"

"हा बघा." तिनं दुसरा उचलला. वर मऊ हिरवं शेवाळ होतं, खालून दोन बारक्या गोगलगायी चिकटल्या होत्या. "यांच्यामुळं पाणी साफ राहतं. मासे यांच्या जिवावर जगतात. तुमचा तो नुसताच दगड आहे."

पांढऱ्या शिरा असलेल्या एका दगडावर तिनं लिंबू पिळलं. बारीक फेस आला. त्यात चुना होता, म्हणून तोही बाद झाला. गुलबर्ग्याला मामाकडं राहून फरिदा शास्त्र घेऊन मॅट्रिक झाली होती. घरात तिच्या या शिक्षणाचा उपयोग पहिल्यांदाच होत होता.

फकरुद्दीननी बाजूला टाकलेला दगड पुन्हा उचलला. काळा, खडबडीत, मधोमध आरपार भोक.

"हा राहू दे."

"अब्बा, तो पाण्यातला न्हाईच. उन्हात पडून होता."

"भोक बघ की केवढं. मासा जाईल यातनं."

"मासा बाजूनं जाईल. त्याला काय पडलंय?"

"पेटी माझी. एक दगड माझ्या मर्जीचा."

फरिदानं मान हलवली. ओसरीवर सुपारी कातरत बसलेल्या जमिलाबी म्हणाल्या, "दगडं धुऊन झाली असतील तर भाकरीकडं बघा. शुक्रवारी माणसं यायचीत."

जमिलाबी म्हणजे फकरुद्दीनची थोरली बहीण. फरिदाची आई गेल्यापासून घर त्यांच्याच हातात होतं. जिल्हा निजामाकडून मुंबई राज्यात गेला, तिथून महाराष्ट्रात आला. जमिलाबींच्या घरातले कायदे बदलले नव्हते. शुक्रवारी उमरग्याचे लोक येणार होते. मुलगा, जलील, तिथल्या दवाखान्यात कंपाउंडर होता. बायका आत येऊन मुलगी बघणार, पुरुष बैठकीत बसणार. मुलीनं मुलाला बघायचं ते निकाहनंतर. फरिदाच्या थोरल्या बहिणीचं, अजीजाचं, असंच झालं होतं. नवऱ्याचं वय तिला निकाहनंतर कळलं.

मागच्या आठवड्यात जेवणं झाल्यावर फरिदा म्हणाली होती, "अब्बा, हो का नाही ते मी सांगायचं म्हणता. मग एकदा बघू द्या. लांबून."

जमिलाबींचा अडकित्ता थांबला होता. फकरुद्दीननी बहिणीकडं बघितलं आणि म्हणाले, "आपल्यात तसं न्हाई होत."

तेव्हापासून ती वडिलांशी फक्त दगडांबद्दल बोलत होती.

"पेटी ठेवायची कुठं?" त्यांनी विचारलं.

"उजेडाला. अंधारात शेवाळ मरतं."

बैठक आणि आतली खोली यांच्यामध्ये एक खिडकी होती. तिची फळ्यांची दारं जमिलाबी कायम कडी लावून ठेवत. फकरुद्दीननी ती दारं काढली आणि खिडकीत पेटी बसवली.

"बाहेरचा माणूस आत बघंल," जमिलाबी म्हणाल्या.

"दगडांनी भरून टाकू की."

फरिदानं जिवंत दगड एकावर एक रचले. मेलेला मात्र फकरुद्दीननी स्वतः बाह्या सारून ठेवला, आणि तोही सगळ्यांच्या वर. मग बैठकीत जाऊन खुर्चीवर बसले. परत आले, दगड थोडा फिरवला. पुन्हा जाऊन बसले.

"दाणे टाकायला हात पोचतो का बघ," ते म्हणाले. ती पेटीपाशी उभी राहिली तसा त्यांनी दगड अजून थोडा वर घेतला.

"अब्बा, दुकानात कापडाचं थान लावताय का दगड?"

"पाहुण्यांना नीट दिसाय पाहिजे."

जमिलाबी बैठकीत जाऊन बघून आल्या. हिरवं शेवाळ, चार मासे, एका दगडात काळं भोक. त्यांचं समाधान झालं.

शुक्रवारी फकरुद्दीननी बैठकीचं रस्त्याकडचं दार सताड उघडलं आणि आतल्या खोलीच्या अंगणाकडच्या दारावर जाड पडदा ओढून घेतला.

"दोन्हीकडनं उजेड आला की मासे बुजतात," ते म्हणाले.

मासे असे बुजत नाहीत हे फरिदाला माहीत होतं. पण आज वाद घालायची तिला इच्छा नव्हती.

पुरुष बैठकीत बसले, बायका आत ओसरीवर येऊन बसल्या. त्यांनी तिचे हात बघितले, शिवण बघितलं, मशीन चालवता येतं का विचारलं. मुलगा कसा आहे हे तिला कोणी सांगितलं नाही, आणि तिनं विचारणं शक्य नव्हतं. संध्याकाळी अब्बा विचारणार होते, हो का नाही.

तेवढ्यात बैठकीतून त्यांचा आवाज आला. "फरिदा, माशांना दाणे टाकले का?"

"पाहुणे बसलेत आन् ह्याला मासे सुचत्यात," जमिलाबी पाहुणीला म्हणाल्या. "काय करावं? जा, टाकून ये."

फरिदा अंधाऱ्या खोलीत आली. दाण्यांची चिमूट तिनं पाण्यावर सोडली. मासे वर आले. मेलेल्या दगडावर एक गोगलगाय चढली होती. ती नीट बघायला फरिदा थोडी पुढं झाली.

भोकातून पलीकडचा लख्ख उजेड दिसत होता. उजेडात खुर्ची होती. खुर्चीवर एक खांदा, चहाची बशी धरलेला एक हात.

पेटीला पाठ करून बसलेल्या फकरुद्दीननी मान वळवली नाही.

"जलीलमियाँ," ते म्हणाले, "खुर्ची जरा इकडं सरकवा. तिथं तुमच्या तोंडावर अंधार येतोय."